राखणाऱ्यानेच लुटले तर

सान होजे, कॅलिफोर्निया :

स्मृतिभ्रंशामुळे किंवा पक्षाघातामुळे ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत, अशा प्रौढ माणसासाठी इथले कोर्ट ‘कॉन्झर्व्हेटर’ नेमते. आदेश निघाला की बँकखाती, घर, पेन्शन सगळे त्याच्या हाती जाते. लुटल्या गेलेल्या म्हाताऱ्याच्या वतीने दावा लावण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. चोर तोच निघाला तर तक्रार करायची कुणी? इथला कायदा वाचताना मला हाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो.

भीती कल्पनेतली नाही. शेजारच्या नेवाडा राज्यात, लास वेगासला, एप्रिल पार्क्स ही व्यावसायिक गार्डियन कोर्टाच्याच आदेशाने वृद्धांचा ताबा घेत होती. चांगले हिंडतेफिरते लोक घरातून उचलून वृद्धाश्रमात ठेवले गेले आणि त्यांचा पैसा लुटला गेला. 2019 मध्ये तिला 16 ते 40 वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच, 2017 मध्ये, नेवाडाने ज्याच्यावर गार्डियन नेमला जातो अशा प्रत्येक माणसाला वकील मिळण्याचा हक्क दिला. शिक्षा झाली हे योग्यच. पण भरपाईचा आदेश निघणे वेगळे आणि पैसा हातात पडणे वेगळे. उडवलेला पैसा तुरुंगातून परत येत नाही.

म्हणून कॅलिफोर्नियातली दिवाणी वाट मला जास्त मोलाची वाटते. प्रोबेट कोडच्या कलम 850 खाली गेलेली मालमत्ता परत मागता येते. ती वाईट हेतूने बळकावल्याचे सिद्ध झाले, तर कलम 859 प्रमाणे किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. वकिलाचा खर्चही कोर्ट लादू शकते. मालमत्ता दडवल्याचा संशय असेल, तर कलम 2616 खाली त्या माणसाला कोर्टात बोलावून शपथेवर विचारता येते. घराचा वाद असेल तर दाव्याची नोंद काउंटीच्या दप्तरी करतात; मग ते घर सहजासहजी विकता येत नाही.

खरा आधार मात्र बाँडचा. मालमत्तेचा ताबा घेण्यापूर्वी कॉन्झर्व्हेटरला साधारणपणे हमी कंपनीचा बाँड द्यावा लागतो. जंगम मालमत्तेची किंमत आणि वर्षाचे उत्पन्न धरून त्याची रक्कम ठरते. अफरातफर सिद्ध झाली की कोर्ट कॉन्झर्व्हेटरवर तेवढा बोजा चढवते; तो भरू शकला नाही तर बाँडच्या मर्यादेत कंपनी भरते आणि मग वसुलीसाठी त्याच्या मागे लागते. बाँड माफ करण्याची विनंती नातेवाईक ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून करतात. ती कधीही मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लुटणारा पुष्कळदा घरचाच असतो.

मालमत्तेची यादी 90 दिवसांत द्यावी लागते, पहिला हिशेब वर्षाने आणि पुढचे दर दोन वर्षांनी. त्यावर लेखी हरकत घ्यायला किंवा कॉन्झर्व्हेटरला काढा म्हणून अर्ज करायला नातेवाईकच नव्हे, मित्रही चालतो. पण कुणी हिशेब उघडून पाहिला तरच हे सारे कामाला येते.

या भागात मुलांकडे येऊन स्थायिक झालेले मराठी आईवडील आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणावर कॉन्झर्व्हेटर नेमला गेला असेल, तर पुण्या-नागपुरातल्या भावंडांनी कोर्टात ‘स्पेशल नोटीस’चा लेखी अर्ज द्यावा. कायदा तो हक्क नातेवाइकाला देतो, मग तो कुठेही राहत असो. यादी आणि हिशेब दाखल झाले की सूचना टपालाने येते. हा अर्ज आजच करा.