पाठीचा रिपोर्ट वाचताना

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन आलात, ओट्याशी वाकलात आणि कमरेत अशी चमक आली की सरळ होता येईना. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी एक उपाय! सासूबाई म्हणतात, "उसण भरली गं, पायाळू माणसाचा पाय लावून घे." शेजारच्या वहिनींना हाडवैद्य आठवतो. मुलगा मोबाइलवर चित्रफीत दाखवतो. तिच्यात एक माणूस पेशंटची मान धरून झटका देतो, 'कट्' असा आवाज होतो आणि पेशंट हसत उठतो. अमेरिकेतली लेक फोनवर सांगते, "आई, इथे यासाठी कायरोप्रॅक्टरकडे जातात." तेवढ्यात कुणाच्या तरी आग्रहाने एमआरआय होतो. त्याचा इंग्रजी रिपोर्ट वाचून, जे दुखत नव्हतं तेही दुखायला लागतं!

मैत्रिणींनो, घाबरण्याआधी आणि मान कुणाच्या हाती देण्याआधी, त्या कागदावर काय लिहिलंय ते समजून घेऊ या.

कोणत्या तपासणीत काय दिसतं?

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. दोन मणक्यांमधली गादी आणि नस त्यात दिसत नाही. सीटी स्कॅनही एक्स-रेच्याच किरणांनी होतो. त्यात हाड जास्त बारकाईने दिसतं, पण किरणंही जास्त लागतात. म्हणून दिवस गेले असतील, नुसती शंका असली तरीसुद्धा, या दोन्ही तपासण्यांआधी स्पष्ट सांगावं. तिथे संकोच नको.

एमआरआय चुंबकाच्या जोरावर होतो, त्यात ही किरणं नसतात. गादी, नसा, मज्जारज्जू यात नीट दिसतात. आत जाताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना आणि साडीच्या सेफ्टी पिनासुद्धा काढायच्या. पेसमेकर असेल किंवा शस्त्रक्रियेत धातूची पट्टी बसवली असेल, तर आधीच सांगायचं. यंत्र आत खूप ठकठक आवाज करतं, त्याला भिऊ नका.

चौथी तपासणी डेक्सा. ही हाडांची घनता मोजते आणि पाळी गेलेल्या बाईच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची. तिच्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर हाडं विरळ होऊ लागलीत आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झालीत, असं समजतात.

रिपोर्टमधले शब्द

मानेला ७ मणके असतात, पाठीला १२ आणि कमरेला ५. रिपोर्टात मानेचा 'सी', पाठीचा 'डी' किंवा 'टी' आणि कमरेचा 'एल'. तेव्हा 'एल-४, एल-५' हा काही आजार नव्हे. तो कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचा पत्ता आहे!

डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी होणं. डीजनरेशन किंवा स्पाँडिलोसिस म्हणजे वयाप्रमाणे झालेली झीज. ऑस्टिओफाइट म्हणजे मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड. डिस्क बल्ज म्हणजे गादी कडेने थोडी फुगणं. आपण सर्रास 'गादी सरकली' म्हणतो, पण गादी ड्रॉवरसारखी सरकत नाही. ती फुगते, नाहीतर फाटून आतला भाग बाहेर येतो. लॉस ऑफ लॉर्डोसिस म्हणजे मानेचा किंवा कमरेचा नैसर्गिक बाक कमी दिसणं. स्नायू आखडले, किंवा फोटोच्या वेळी तुम्ही तशा झोपलात, तरी तो कमी दिसतो.

हे सगळं वाचून जीव धसकतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र तपासले होते. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांत झीज होती आणि निम्म्या लोकांत गादी फुगलेली होती. तरी त्यांचं काहीही दुखत नव्हतं! केसात रुपेरी छटा यावी, तसंच हे. म्हणूनच रिपोर्टाच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन' असे शब्द असतात. पेशंटला तपासून, तिची तक्रार ऐकून, मगच फोटोचा अर्थ लावा, असा त्याचा अर्थ.

काही शब्द मात्र हलके घेऊ नयेत. कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणजे मणका दबून मोडलाय. स्पाँडिलोलिस्थेसिस म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून खरोखर पुढे सरकलाय. स्टेनोसिस म्हणजे नसांची वाट अरुंद झालीय. अशा वेळी फाइल घेऊन तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावं आणि तोवर कुणालाही झटका देऊ देऊ नये.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी काढलेला पहिल्याच काळातला एक प्रसिद्ध फोटो त्यांच्या पत्नीच्या हाताचा आहे, बोटातल्या अंगठीसकट! त्याच वर्षी अमेरिकेत डॅनियल पामर या गृहस्थांनी हाताने मणक्यांवर दाब देण्याची ही पद्धत सुरू केली. मणके जागचे हलल्याने नसांच्या कामात अडथळा येतो आणि त्यातून बहुतेक आजार होतात, असं पामर मानत. विज्ञानाने ते मान्य केलेलं नाही. पण कंबरदुखीपुरतं पाहिलं, तर काहींना या उपचाराने आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तेवढाच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'कट्' हा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. दुसरं म्हणजे सबलक्सेशन हा शब्द. एक्स-रेच्या डॉक्टरांनी लिहिला तर त्याचा अर्थ सांधा अर्धवट निखळलेला फोटोत दिसतोय. कायरोप्रॅक्टर मात्र फोटोत काही न दिसताही तोच शब्द वापरतात. तेव्हा कुणी म्हणालं आणि कुठे दिसलं, हे विचारा.

अमेरिकेत या व्यवसायाला सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे डॉक्टरांसारखी त्याची नोंदणी करणारी परिषद नाही. त्यामुळे पाटीवरच्या नावाआधी 'डॉ.' असलं, तरी शिक्षण कुठलं, किती वर्षांचं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फिजिओथेरपीचं तसं नाही. तिची रीतसर पदवी आहे, आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीसुद्धा.

झटका कुणी घेऊ नये?

हाडं ठिसूळ असतील, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, कर्करोग झालेला असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा नुकत्याच पडला असाल, तर पाठीला झटका नको. पायाळू माणसाचा नको, हाडवैद्याचा नको, कायरोप्रॅक्टरचाही नको. मानेच्या झटक्याबाबत तर जास्तच जपावं. क्वचित का होईना, पण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि पुढची लक्षणं दिसली तर थांबूच नका. लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत बधिरपणा, पायातली शक्ती जाणं, यांसाठी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. तो औषधाने बरा होतो, पण आधी कळायला हवा.

बाकीच्यांनी काय करावं?

साधी उसण बहुतेकींची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. त्यासाठी लगेच एमआरआयची गरज नसते. गरम पिशवीने शेक घ्या. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नका, हळूहळू हिंडाफिरायला लागा. बादली, सिलिंडर उचलताना गुडघे वाकवा आणि ओझं अंगाजवळ धरा. बाजाराची एक जड पिशवी नेण्याऐवजी दोन हलक्या न्या, आणि त्यातली एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या.

जुने रिपोर्ट फेकू नका, तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. डॉक्टरांकडे जाताना कुठे दुखतं, कधीपासून, काय केल्यावर वाढतं, ते चार ओळींत लिहून न्या. त्या चार ओळींवाचून एमआरआयचा अर्थ लागत नाही, आणि त्या तुमच्याशिवाय कुणालाच लिहिता येणार नाहीत.