अक्षर आणि पडदा : ‘ल’ आणि ‘श’ यांचे प्रकरण

शिरोरेषेच्या वर चढणाऱ्या मात्रा आणि तळाशी उतरणारे उकार यांना पुरेल इतके अंतर दोन ओळींमध्ये किती सोडावे, याचे गणित या अंकात मांडण्याचे मी गेल्या आठवड्यात कबूल केले होते. परंतु मध्यंतरी सातारा जिल्ह्यातील एका शिक्षिकाबाईंचे पत्र आले, आणि त्यातील पृच्छा इतकी मुळाशी जाणारी आहे की ओळींचा विषय एक आठवडा तहकूब ठेवणेच मला इष्ट वाटते.

बाई लिहितात की, पहिलीच्या मुलांकडून ज्या वळणाचा ‘ल’ आणि ज्या वळणाचा ‘श’ त्या पाटीवर गिरवून घेतात, ते वळण शाळेच्या संकेतस्थळावर कोठेच दिसत नाही. तेथे उजव्या अंगाला पूर्ण उंचीचा दंड असलेला ‘ल’ आणि गाठ मारलेला ‘श’ उमटतो, आणि मुले विचारतात की यातले खरे अक्षर कोणते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या गृहस्थांकडे त्यांनी तक्रार केली, तेव्हा ‘युनिकोडमध्ये ल असाच आहे, त्याला इलाज नाही’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते इतक्या ठिकाणी, इतक्या निःशंकपणे दिले जाते की त्याचा सविस्तर समाचार घेतल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

युनिकोड अक्षराचे चित्र साठवीत नाही. तो अक्षराला केवळ एक क्रमांक बहाल करतो. ‘ल’चा क्रमांक ०९३२ आणि ‘श’चा ०९३६, आणि हे क्रमांक मराठी, हिंदी, नेपाळी व संस्कृत या सर्वांना सामाईक आहेत. त्या क्रमांकाला कोणते रूप द्यावयाचे, हा अधिकार सर्वस्वी फॉन्टचा. आणि एकाच फॉन्टच्या पोटात एकाच क्रमांकाची दोन रूपे सुखाने नांदू शकतात. तेव्हा दोष युनिकोडच्या माथी मारणे म्हणजे दफ्तरातील नोंदणी क्रमांकाला माणसाच्या चेहऱ्याबद्दल जाब विचारण्यासारखे आहे.

ही दोन वळणे आली कोठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. देवनागरीच्या छापील रूपाचे घडण-केंद्र एक नव्हते. मुंबईत अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी जे खिळे पाडले, त्याच छापखान्यात बालवयात काम शिकून पुढे ज्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि ज्या राणोजी रावजी आरू यांच्या हातून निर्णयसागरच्या खिळ्यांना ते डौलदार, भरदार रूप लाभले, त्या सर्वांच्या परंपरेतून मुंबई वळण सिद्ध झाले. आणि कलकत्त्याकडे व उत्तरेत वेगळे वळण रूढ होते. अ, झ, ण, ल, श ही त्या भेदाची ठळक स्थाने होत. पुढे केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ साली मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तीत अ, झ आणि ण यांची मुंबई रूपे हिंदीने स्वीकारली. आज कोणतेही हिंदी पाठ्यपुस्तक उघडावे, त्यातला ‘अ’ आणि ‘झ’ आपल्याच वळणाचा दिसेल. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘मराठी रूपांचा आग्रह म्हणजे संकुचितपणा’ असे म्हणणाऱ्यांना तिचे विस्मरण झालेले असते. मात्र ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांबाबत हिंदीने आपले वळण कायम ठेवले, आणि मराठीने आपले. भेद उरला तो एवढ्यापुरताच.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये प्रमाण मराठी वर्णमाला मुक्रर केली आणि पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे बाई पाटीवर जे शिकवितात तेच हुकुमाबरहुकूम आहे. प्रश्न एवढाच की पडद्यावर त्याचा अंमल का होत नाही.

त्याचे कारण असे की, बहुतेक देवनागरी फॉन्टांत पायाभूत रूपे उत्तरेकडची बसविलेली असतात. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर मराठी अक्षरशिल्पकाराने मायक्रोसॉफ्टसाठी घडविलेला आणि विंडोज २००० पासून घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ घ्या; त्यातही पायाभूत ‘ल’ दंडाचाच आहे, कारण तो साऱ्या देवनागरी वाचकांसाठी होता आणि त्यांत हिंदीचे वाचक बहुसंख्य. परंतु ओपनटाइप या फॉन्टरचनेत एक अत्यंत सुबुद्ध तजवीज आहे : फॉन्टच्या अंतर्गत लिपीखाली भाषांची स्वतंत्र दालने करता येतात, आणि मराठीच्या दालनात ‘मजकूर मराठी असेल तर या ‘ल’च्या जागी तो ‘ल’ ठेव’ असा नियम लिहिता येतो. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ या सर्वत्र विनामूल्य मिळणाऱ्या फॉन्टमध्ये हा नियम आहे. रूप तयार आहे, नियम तयार आहे; पण मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कळावे कसे? क्रमांक तर सामाईक. ते सांगावे लागते पानाने.

आणि ते सांगण्याची जागा पानाच्या अगदी शिरोभागी आहे. एचटीएमएलच्या पहिल्याच खुणेत ‘लँग’ नावाचा एक गुणधर्म असतो; त्यात मराठीची संज्ञा, म्हणजे रोमन लिपीतील एम आणि आर ही दोन अक्षरे, लिहावयाची. ब्राउझर ती वाचतो, अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवितो (क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत ही यंत्रणा ‘हार्फबझ’ नावाची आहे), ती फॉन्टमधील मराठीचे दालन उघडते आणि पाकळीचा ‘ल’ पडद्यावर अवतरतो. परंतु तयार साचे वापरून संकेतस्थळे उभारताना त्या जागी इंग्रजीची संज्ञा जशीच्या तशी राहून जाते, आणि पानभर मराठी मजकूर असूनही यंत्राच्या लेखी ते इंग्रजी पान ठरते. मग दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखविणारी आज्ञावलीही ते इंग्रजी समजून वाचू पाहते. दोन अक्षरांच्या हयगयीने लिपीचे रूप आणि भाषेचा उच्चार दोन्ही बिघडतात, आणि याबद्दल माझ्या व्यवसायबंधूंना मी क्षमा करू इच्छीत नाही.

हे तपासण्यासाठी मी एकच शब्द वापरतो : ‘कल्पनाशील’. एका चाचणीच्या पानावर तो दोनदा, मोठ्या आकारात लिहावा. एकदा मराठीची संज्ञा देऊन, एकदा हिंदीची. चांगल्या फॉन्टमध्ये दोन ओळी शेजारी ठेवताच भेद डोळ्यांत भरतो : मराठी ओळीतल्या शेवटच्या ‘ल’ला मध्यावर आखूड देठ आणि दोन्हीकडे पाकळ्या, हिंदी ओळीत उजवीकडे दंड. पण खरी परीक्षा शब्दाच्या आरंभीच्या ‘ल्प’ची असते. दंडाच्या ‘ल’चा दंड काढला की अर्धा ‘ल’ आपोआप तयार होतो. पाकळीच्या ‘ल’ला काढण्याजोगा दंडच नाही, तेव्हा उजवी पाकळी आखडून ती पुढच्या अक्षराला भिडवावी लागते, आणि हे काम घडविणाऱ्याला हाताने, स्वतंत्रपणे करावे लागते. काही फॉन्टांत पूर्ण अक्षर बदलण्याचा नियम असतो आणि अर्ध्याचा विसरलेला असतो. मग ‘कल्पनाशील’ या एकाच शब्दात आरंभी उत्तरेचा आणि शेवटी महाराष्ट्राचा असे दोन ‘ल’ नांदताना दिसतात. ‘उल्लेख’, ‘निश्चय’ आणि ‘ईश्वर’ हेही शब्द याच कारणासाठी तपासून पाहावेत. असा फॉन्ट कितीही देखणा असो, मराठी मजकुरासाठी मी तो घेत नाही.

आणखी एक बारकावा. फॉन्ट लवकर उतरावा म्हणून त्यातील अनावश्यक भाग छाटण्याची आता रीतच पडली आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु छाटणी करताना भाषेचे नियम राखण्याची ताकीद न दिल्यास मराठीचे दालनच गळून पडण्याचा संभव असतो. छाटणीनंतर ‘कल्पनाशील’ पुन्हा एकदा पाहावा.

याच व्यवस्थेचा एक गोड फायदाही सांगतो. मराठी लेखात प्रेमचंदांचे एखादे हिंदी वाक्य उद्धृत करावयाचे असेल, तर तेवढ्या वाक्याला हिंदीची संज्ञा द्यावी. त्या वाक्यापुरता ‘ल’ दंडाचा होतो, आणि वाक्य संपताच पुन्हा पाकळीचा. प्रत्येक भाषा आपल्या वेशात उभी राहते. खिळ्यांच्या काळात असे करावयाचे तर दोन वेगळ्या पेट्यांतून जुळणी करावी लागली असती.

तेव्हा बाईंना माझे उत्तर असे : संकेतस्थळ नव्याने करण्याचे कारण नाही. संबंधित गृहस्थांना पानाच्या शिरोभागीची भाषेची संज्ञा मराठी करावयास सांगावे, फॉन्ट मराठी रूपे असलेला निवडावयास सांगावे, आणि दोन्ही झाल्यावर शाळेचा संगणक आणि पालकांचे भ्रमणध्वनी अशा दोन्ही ठिकाणी तो एक शब्द उघडून पाहावा. इतर वाचकांनीही आपापल्या गावच्या ग्रंथालयाची, पतपेढीची, नगरपालिकेची पाने याच कसोटीला लावून जे आढळेल ते मला कळवावे. ओळींमधील अंतराचे गणित पुढील आठवड्यात.