डिसोझांच्या नावातली खूण आणि डेटाबेसची दामदुप्पट

गोव्यात, बेळगाव-खानापुरात डिसोझा, डिसिल्वा, डिकॉस्टा ही आडनावं ओळखीची. इंग्रजीत लिहिताना अनेक जण 'डी'नंतर वर एक छोटी खूण देतात, अपॉस्ट्रॉफी. माणसाचं लक्षही जात नाही, पण ऑनलाइन फॉर्म तिथेच अडतो. नाहीतर खूण गाळून नाव नोंदलं जातं आणि पुढे कागदपत्रं जुळत नाहीत.

कारण असं, की डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मजकूर कुठे सुरू झाला, कुठे संपला हे याच एकेरी चिन्हावरून ठरतं. 'डी'सोझा' लिहिलं की मजकूर 'डी'वरच संपला. पुढचं 'सोझा' म्हणजे त्याच्या लेखी हुकूम. म्हणून मजकुरातलं चिन्ह दोनदा लिहायचं: 'डी''सोझा'. ही दोन एकेरी चिन्हं आहेत, एक दुहेरी नव्हे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दुहेरी चिन्हात टेबल-कॉलमची नावं येतात.

इथवर ठीक. पण पोस्टग्रेसमध्ये फंक्शन लिहिताना त्याचा गाभा हाच मुळी एक मजकूर असतो. तो एकेरी चिन्हांत घातला की आतलं प्रत्येक चिन्ह पुन्हा दुप्पट होतं, दोनाची चार. त्यात फंक्शन स्वतःच एखादा हुकूम मजकूर म्हणून जुळवून चालवत असेल, तर आठ! सावकाराच्या दामदुप्पटीसारखंच. एक चिन्ह चुकलं की शोधत बसा.

2005 मध्ये आलेल्या 8.0 आवृत्तीपासून यावर सोय आहे. गाभ्याच्या आधी आणि नंतर $$ लिहायचं. आतली चिन्हं जशीच्या तशी राहतात. आत आणखी असाच मजकूर हवा असेल तर दोन डॉलरच्या मध्ये वेगळं नाव द्यायचं, जसं $आत$.

मात्र बरेच जण इथेच फसतात. डॉलरमुळे लिहिणाऱ्याचा त्रास वाचतो, फॉर्ममधून येणारं नाव सुरक्षित होत नाही. ते नाव हुकुमाला नुसतं जोडलं तर डिसोझांपाशी फंक्शन कोसळेल, आणि कुणी नावाच्या रकान्यात मुद्दाम हुकूमच लिहिला तर तोही चालेल. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. आलेल्या नावाभोवती $$ लावणंही व्यर्थ, कारण लिहिणारा आत $$ टाकू शकतो.

खरा मार्ग म्हणजे एक्झिक्यूटसोबत युझिंग वापरून नाव वेगळं पाठवणं. टेबलाचं नाव तसं पाठवता येत नाही. त्यासाठी फॉरमॅट फंक्शनमध्ये टक्का आणि मोठा आय. युझिंग न वापरता नावासारखी माहिती हुकुमात बसवायचीच असेल, तर टक्का आणि मोठा एल. जुनं कोट-लिटरल फंक्शनही चालतं, पण माहिती 'नल' आली तर ते नलच परत देतं आणि जोडलेला अख्खा हुकूम नल होतो.

फॉर्ममध्ये ही खूण टाइप करायलाच बंदी घालणं हा निव्वळ आळस. फंक्शन तपासताना पाटील, कुलकर्णींसोबत खूण असलेला एक डिसोझा घालावा, आणि एक नाव नल ठेवून पाहावं.