‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे काय?

फाल्गुनात निफाडकडे गव्हाची सोंगणी चालू असते, द्राक्षांचा माल अजून वेलीवर असतो, आणि हवामानाच्या बातमीत एक वाक्य कानी पडते : ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता.’ तुरळक म्हणजे थोडीशी, असे समजून आपण निर्धास्त राहतो. पण मंडळी, हा शब्द गारांसाठी नाही, ठिकाणांसाठी आहे! हवामानखात्याच्या भाषेत त्याचा अर्थ विभागातील १०० ठिकाणांपैकी फार तर २५ ठिकाणी. जिथे पडेल तिथे मात्र ती बाग झोडपून काढील.

या दिवसांत दुपारी जमीन तापते, समुद्रावरून बाष्प येते, आणि उंचावर उत्तरेकडचा थंड वारा वाहत असतो. तापलेली दमट हवा झपाट्याने वर चढते, थेंब गोठतात, त्यांच्या गारा होतात. असा एक ढग चार-दोन गावांवरच कोसळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मात्र असे ढग दिवसामागून दिवस उठत राहिले, आणि महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवरील पिके गेली.

तेव्हा हे वाक्य ऐकले, की सोंगलेला गहू नि काढलेला कांदा ताडपत्रीखाली घ्या. तयार घड आधी उतरवा. गुरुजींनी हा अर्थ शाळेच्या फळ्यावर लिहावा. मुले तो घरी नेतील.