क्लेरिकचे धर्मांतर (भूमिका-खेळ)

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत क्लेरिक, म्हणजे दैवताकडून मंत्रशक्ती मिळवणारे पुरोहित-पात्र, आपले दैवत सोडून दुसऱ्याची उपासना स्वीकारते, त्यास क्लेरिकचे धर्मांतर म्हणतात. जादूगाराची विद्या पोथीतून शिकलेली असते. श्रद्धा बदलली तरी ती जात नाही. क्लेरिकची शक्ती मात्र उसनी असते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) दैवताची आचारसंहिता गंभीरपणे मोडणारा क्लेरिक सर्व मंत्र गमावतो. चिलखत, ढाल व साधी शस्त्रे वापरण्याचे कौशल्य तेवढे उरते. प्रायश्चित्तानंतर शक्ती परत मिळते. चौथ्या आवृत्तीतील (२००८) पॅलाडिनची दीक्षा मात्र, एकदा झाली की, कायमची असते.

नियम कोणताही असो, निर्णय अखेर खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचा. जखमा भरून काढणारे पात्र बहुधा क्लेरिकच असल्याने त्याचे मंत्र अचानक गेले, तर शिक्षा साऱ्या गटाला होते. उलट काहीच गमवावे लागले नाही, तर दैवत नावापुरते राहते. म्हणून शिकलेले आणि लाभलेले आधी वेगळे काढणे इष्ट. खेळाबाहेरचे मराठी उदाहरण येथे उपयोगी पडते: कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग व कीर्तन सोडले नाही, त्याच घडणीतून त्यांनी ख्रिस्तभक्ती गायली. त्याच न्यायाने पात्राचे वक्तृत्व व शस्त्रकौशल्य कायम ठेवून, मंत्र नव्या दैवताच्या दीक्षेनंतर टप्प्याटप्प्याने देता येतात.