काळ्या अक्रोडाचं मोल लाकडापुरतं नाही

आपल्याकडे येणाऱ्या काश्मिरी अक्रोडाचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे काळा अक्रोड, ‘जुग्लान्स नायग्रा’. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या खोल, सुपीक जमिनीत तो रानोमाळ वाढतो. त्याचं नाव मुख्यतः लाकडासाठी घेतलं जातं आणि ते रास्तच आहे. गडद चॉकलेटी रंगाचं हे लाकूड नीट वाळवलं की सहसा पिळवटत नाही, धक्का सोसतं. म्हणून दोन्ही महायुद्धांत बंदुकांच्या दस्त्यांसाठी त्याला मोठी मागणी होती. आजही सरळसोट खोडाला असा भाव मिळतो की झाडं चोरून तोडली जातात. पण या भावानेच जातीचं नुकसान केलं. सरळ, जोमदार झाडं आधी कापली गेली आणि बी धरायला वेडीवाकडी मागे राहिली. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाला चांगल्या खोडाची झाडं शोधून त्यांची कलमं करावी लागली, ती यामुळेच.

उभं झाड काय देतं ते मिझुरी राज्यात पाहावं. ऑक्टोबरमध्ये लोक रानात पडलेली फळं वेचून पोत्यांनी खरेदी केंद्रावर आणतात. वरचं हिरवं सालपट यंत्राने सोलतात. हाताने सोललं तर बोटांवरचा काळपट डाग कित्येक दिवस जात नाही, आणि याच सालपटापासून पूर्वी कापड रंगवत. आतलं कवच इतकं कठीण की साधा अडकित्ता चालत नाही. उग्र वासाचा गर केक आणि आइस्क्रीममध्ये जातो. फोडलेल्या कवचाचा भुगाही वाया जात नाही. धातूचे भाग ओरखडा न पडता घासायला तो वापरतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे झाड शेजाऱ्यांना जगू देत नाही. त्याच्या मुळांत आणि सालपटात जुग्लोन हे द्रव्य असतं आणि जवळची टोमॅटोची रोपं कोमेजतात. मात्र मका, कांदा आणि बरीचशी गवतं त्याच्याजवळ तग धरतात, शिवाय मातीतले जीवाणू जुग्लोनचं विघटन करतात. प्रयोगशाळेतल्या शुद्ध जुग्लोनचे निष्कर्ष शेताला जसेच्या तसे लावता येत नाहीत. लाकूड तयार व्हायला अनेक दशकं लागतात, हा दुसरा आक्षेप खरा आहे. पण फळं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. म्हणून पिकलेलं झाड जरूर तोडावं, पण उत्तम बियाण्याची झाडं राखूनच.