गायतोंडे: मौनाआडचा कारागीर

चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात चित्रांपेक्षा चित्रकाराचा अबोलपणाच जास्त गाजला. दिल्लीत निजामुद्दीनला एकटे राहणारे, माणसांत न मिसळणारे, झेन आणि निसर्गदत्त महाराज यांत रमणारे योगी अशी त्यांची मूर्ती घडवून आपण तिला हारही घातले. मूर्ती खोटी म्हणवत नाही, पण तिच्याआड एक कमालीचा हिशेबी कारागीर झाकला गेला. पुरावा कॅनव्हासवरच आहे. साठच्या दशकापासून त्यांनी ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर भिस्त ठेवली. पातळ रंगाचा थर चढवायचा, तो वाळायच्या आत खरवडायचा, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, मग पुन्हा पातळ थर. लांबून धुक्यासारखा वाटणारा पिवळा किंवा करडा भाग जवळून पाहिला की कागदाच्या फाटक्या कडांचे ठसे आणि खालून डोकावणारा जुना रंग दिसतो. इथं अपघात आहेत, पण कुठला ठेवायचा आणि कुठला पुसायचा हे ठरवणारी नजर पक्की आहे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी होत, त्याचं कारण इथं सापडतं.

यावर कुणी म्हणेल, ते स्वतःच मौनाविषयी बोलत. त्यांच्या शब्दावर अविश्वास का? अविश्वास नाहीच. मौनामुळे ते चित्राकडे वळले असतील, पण एक चित्र का जमलं आणि दुसरं का नाही, हे मौनातून कळत नाही. १९८४ला त्यांना अपघात झाला, त्यानंतर मोठे कॅनव्हास बराच काळ थांबले आणि कागदावर शाईची लहान रेखाटनं आली. मौन तर तेव्हाही अबाधित होतं. थांबलं होतं ते शरीराचं काम.

दुसरा आक्षेप जुनाच: त्यांची ही अमूर्त शैली अमेरिकेतून आलेली. सनावळी याला साथ देत नाही. नागपुरात १९२४ला जन्म, कुटुंब गोव्याकडचं, बालपण मुंबईत, १९४८ला मुंबईच्याच जे. जे. कलाशाळेची पदविका. सुरुवातीच्या चित्रांत लघुचित्रांचे सपाट रंग आणि पॉल क्लेची रेघ दिसते. १९५७ला टोकियोत पुरस्कार मिळाला आणि ते दशक सरेपर्यंत आकृती जवळजवळ विरघळल्या. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले १९६४ साली. तिथं धीर वाढला असेल, वाट मात्र आधीच धरली होती. हां, सत्तरच्या दशकात काही कॅनव्हास एकाच साच्यातून उतरल्यासारखे वाटतात, हे भक्तांनी कबूल करायला हरकत नाही.

१९७१ची पद्मश्री त्यांच्या हयातीतली. बाजार नंतर धावत आला. २०१३ला मुंबईतल्या लिलावात एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक बोली लागली, पुढे आकडे वाढतच गेले. किमतीवरून चित्राची प्रत ठरत नाही, उलट अशा आकड्यांनी योग्याची गोष्ट अधिकच खपाऊ होते. २०१४ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकातच चित्रप्रक्रियेला जागा दिली होती. आपल्याकडचे समीक्षक अजून प्रामुख्यानं माणसावर लिहितात. एकेका कॅनव्हासचे थर, त्यांचा क्रम आणि त्यात वापरलेला कागद यांची नोंद करणारा अभ्यास मराठीत व्हायला हवा, कारण पातळ थरांची ही चित्रं दर दुरुस्तीत थोडी बदलण्याचा धोका असतो.